सीट खाली करायची होती

चूक माझी होती, हे मी आज पहिल्यांदा लेखी कबूल करतो आहे. तोंडी अजून केलेलं नाही आणि करणारही नाही. तोंडी कबूल केलं की बायको पुन्हा हसायला लागते, हसता हसता तिला ठसका लागतो, आणि पाणी मलाच आणून द्यावं लागतं.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीत बदली होऊन भोपाळला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. येताना दोन बॅगा आणि हिंदीबद्दलचा एक सिद्धान्त घेऊन आलो होतो. सिद्धान्त असा, की हिंदी म्हणून काही वेगळी भाषा नाहीच. आपलीच मराठी बोलायची आणि शेवटी ‘है’ लावायचं. वर्षभरातच इथल्याच मराठी घरात लग्न झालं. बायकोचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले होते, त्यामुळे तिच्या घरी दोन्ही भाषा एकाच ताटात वाढतात आणि कोणालाच अपचन होत नाही. मला मात्र व्हायचं. मुलगी पहिलीत असताना मी तिच्या शाळेत जाऊन बाईंना हात जोडून सांगितलं, “मॅडम, मेरी बेटी बहुत नाज़ुक है, उसको शिक्षा मत दीजिए।”  बाई म्हणाल्या, “तो सर, फिर स्कूल में क्यों डाला?”

तरी मी सिद्धान्त सोडला नाही. आमच्या घराण्यात धरलेलं कोणी सोडत नाही, मग ती म्हैस असो की मत.

आम्ही सासऱ्यांकडे राहतो की सासरे आमच्याकडे राहतात, याबद्दल घरात दोन मतं आहेत. अरेरा कॉलनीतलं ते बैठं घर त्यांचं आहे, म्हणून मत त्यांचंच चालतं. ते कारखान्यात टेक्निशियन होते. आता वय शहात्तर. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी असते. पोळी जाड झाली तरी ते ती पट्टी काढतात. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते नागपुरी.

त्यांची मोटरसायकल आमच्या लग्नापेक्षा जुनी आहे आणि जास्त टिकेल असं वाटतं, हे बायकोचं म्हणणं. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक, त्यामुळे माझ्यासारख्यानं चालवली की थांबायच्या वेळी गिअर पडतो आणि गिअर टाकायच्या वेळी गाडी थांबते. सासरे रिटायर होईपर्यंत तिच्यावरून कारखान्यात गेले. रिटायर झाल्यावर दर रविवारी सकाळी तिच्यावरून जवाहर चौकात पोहे-जिलबी आणायला जायचे. पोहे घराजवळही मिळतात. पण ते जवाहर चौकातून आणायचे, आणि येताना लांबच्या रस्त्यानं यायचे, म्हणून जिलबी नेहमी गार.

दीड वर्षापूर्वी ते न्हाणीघरात पडले. उजव्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. ऑपरेशन उत्तम झालं, चालणं सुधारलं, काठीसुद्धा सुटली. फक्त उजवा पाय एका उंचीच्या वर जायचं नाव घेईना. पायरीपुरता जायचा. मोटरसायकलपुरता नाही.

गणपतीच्या आधी एके सकाळी ते अंगणात गेले. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो, आणि आम्ही बघतो आहोत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हँडल धरलं, डावा पाय रोवला, उजवा पाय मागून फिरवला. टाच सीटच्या कडेवर आपटली. चप्पल पायातून सुटली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन पडली. ते तसेच उभे राहिले. बायको धावत गेली. “बाबा, असं काय करता, मी गाडी पकडते ना, हे तुम्हाला उचलून बसवतील!”

“मला उचलायचं ते एकदाच,” सासरे म्हणाले. “तेही चौघांनी.”

मग चप्पल मागितली, घातली, आणि आत आले. दुपारी गल्लीतल्या कबाड्याला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत भंगारवाल्याला, बोलावून सांगितलं की दसऱ्यानंतरच्या रविवारी गाडी घेऊन जा. त्यानंतर ते अंगणात पाऊल टाकेनात. सकाळपासून हॉलमधल्या खुर्चीत, पेपर उघडून. पान मात्र उलटायचं नाही. मी चिडखोर माणूस आहे, पटकन रडत नाही. पण त्या दिवसांत ऑफिसात, एमपी नगरच्या ट्रॅफिकमध्ये, कुठेही मला ते न उलटलेलं पान आठवायचं आणि मी रुमाल शोधायचो. गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी आपल्या पायानं गाडीवर बसायला हवं होतं. तेही त्या रविवारच्या आत.

सीटच्या कडेवर त्यांच्या टाचेची धुळीची खूण उमटली होती. बायको फडकं घेऊन पुसायला निघाली, तर मी तिच्यावर खेकसलो. खुणेपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत बोटं लावून बघितली. चार बोटं. म्हणजे पाय वर जात नसेल तर गाडी चार बोटं खाली आणायची. इतकं सोपं होतं ते.

मोबाइलवर मी रात्रंदिवस त्याचे व्हिडिओ बघितले. तरुण पोरं जुन्या गाड्या कापून बुटक्या करतात आणि वर मागे गाणं लावतात. त्यांच्याकडे वेल्डिंग मशिन असतं, गॅरेज असतं, दाढी असते. माझ्याकडे पान्यांचा एक डबा होता आणि बायकोनं मंजूर केलेलं बजेट होतं. ते शून्य होतं. “घरात आहे ते वापरा,” ती म्हणाली. “आणि पितृपक्षात नवीन काम सुरू करू नका.” मी म्हटलं, गाडी जुनीच आहे.

घरात होतं ते वापरलं. टाकीचा रंग उडाला होता, तिला कूलरला मारून उरलेला हिरवा रंग मारला. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, “आता मागून खस लावा आणि पाणी भरा.” हॉर्नची जाळी गंजून गेली होती, तिच्या जागी सोऱ्यातली शेवेची चकती बरोब्बर बसली. हे मी बायकोला सांगितलं नाही. दिवाळीला अजून वेळ होता.

सासरे खुर्चीतून हलत नव्हते, पण हॉलच्या खिडकीतून अंगण दिसतं. तिसऱ्या दिवशी मी मागच्या शॉकरचा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा, नट काढायला बसलो. अर्धा तास सगळा जोर लावला. नट हलेना. खिडकीतून आवाज आला.

“जावईबुवा, काय करून राहिले तुम्ही?”

“नट काढतोय, बाबा.”

“आवळून राहिले.”

थोड्या वेळानं ते प्लॅस्टिकची खुर्ची ओढत अंगणात आले आणि पान्यांच्या डब्याशेजारी बसले. मी हातात कुठलाही पाना घेतला की ते मान हलवायचे. दुसरा घेतला तरी हलवायचे. तिसऱ्याला हलवली नाही की समजायचं हाच. विकायच्या गाडीला एवढं कशाला करून राहिले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बुटक्या गाड्यांची फॅशन आहे, भाव बरा येईल. त्यांनी सीटच्या कडेकडे बघितलं. धुळीची खूण अजून तिथेच होती. मग डब्यातून पुढचा पाना काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला.

मागचे शॉकर आखूड हवे होते. स्कूटरचे चालतील असं सासऱ्यांनी सांगितलं. स्कूटरचे शॉकर मिळाले ते त्याच कबाड्याकडे, ज्याला गाडी न्यायची होती. मी किंमत विचारली तर तो हसला. “साहब, ऐसे ही ले जाओ। लगा लो। गाड़ी तो आनी मेरे ही पास है।” शून्य बजेटात एवढी सोय कुणाची झाली नसेल. मी त्याला दोनदा धन्यवाद दिले आणि तिसऱ्यांदा देताना मला जरा लाज वाटली.

शॉकरची भोकं मोठी होती. सासऱ्यांनी पाइपचा तुकडा मागवला, कानस घेतली आणि दोन दिवस घासून त्या भोकांत घट्ट बसतील अशा चार बुशिंगा तयार केल्या. पट्टी लावायचे, घासायचे, परत पट्टी लावायचे. त्या दोन दिवसांत पेपर खुर्चीवर घडी न मोडता पडून राहिला आणि मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात एका माणसाची रजा उगाच मंजूर केली.

गाडी मागून खाली आली. त्या खुशीत मी तिला साइड स्टँडवर लावली आणि मागे सरकून बघायला लागलो, तर ती सावकाश दुसऱ्या बाजूला कलंडली आणि तुळशीच्या कुंडीवर जाऊन आडवी झाली. गाडी बुटकी झाली की स्टँड लांब होतो, हे त्या दाढीवाल्या पोरांनी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी खडूनं स्टँडवर रेघ मारून दिली. मी रेघेवर कापला. तुळस बायकोनं दुसऱ्या कुंडीत लावली आणि त्या दिवशी मला जेवायला वाढताना भांडी जरा जोरात ठेवली.

एवढं करून मी पुन्हा बोटं लावली. दोन बोटं मिळाली होती. दोन अजून हवी होती.

“बोटं कोणाची?” सासऱ्यांनी विचारलं.

“माझी.”

“बोटानं काम करून राहिले, म्हणून असं होऊन राहिलं.” पण पट्टीनं मोजूनही कमीच पडलं. आता उरली ती सीट. ती तासून दोन बोटं उतरवली की झालं. दसरा होऊन गेला होता, शुक्रवार होता, रविवारी कबाडी येणार होता. मी सीट काढून पिशवीत घातली आणि जवाहर चौकात सीटकव्हरवाल्याकडे गेलो. मोठ्या हौसेनं एकटाच गेलो. बायको येते म्हणाली होती. मी म्हटलं, एवढ्या कामाला दोघं कशाला.

दुकानदार म्हातारा, अस्सल भोपाळी, तोंडात पान. मी सीट समोर ठेवली.

“भैया, ये सीट खाली करनी है।”

“खाली?”

“हाँ। पूरी खाली। जितनी हो सके उतनी।”

त्यानं सीट उलटसुलट करून बघितली. “अच्छी-भली तो भरी हुई है, मियां। खाली काय को करा रिये हो?”

“मेरे ससुरजी को बैठना है।”

“खाली सीट पे?”

“अरे, खाली होगी तभी तो बैठेंगे!” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. एवढी साधी गोष्ट दुकानदाराला कळू नये, याचा मला राग आला.

त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि विचार केला. “हाँ, बात तो सई है,” तो म्हणाला. “देखो खां, अपन तो कर देंगे। बाद में मत कैना कि खाली कर दी।”

“कहूँगा ही नहीं! वही तो चाहिए।”

“कपड़ा येई रैने दूँ?”

“कपड़ा वही। सिर्फ खाली।”

“कल शाम को ले जाना।” मी निघालो तेव्हा तो शेजारच्या टायरवाल्याला काहीतरी सांगत होता आणि दोघं माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जुन्या गाडीचं कौतुक चाललंय.

शनिवारी संध्याकाळी सीट घेतली. कागदात गुंडाळलेली होती आणि हाताला हलकी लागली. सोबत त्यानं एक फुगलेली पिशवी दिली. “ये आपका माल। गिन... मतलब देख लो, अपन एक टुकड़ा नी रखते।” मी म्हटलं, रद्दी असेल, आणि ती पिशवी हँडलला अडकवून स्कूटरवरून घरी आलो.

घरी बायकोसमोर कागद सोडला. आत पत्रा होता आणि पत्र्यावर रेक्झिनचं कव्हर होतं. मधे काही नव्हतं. कव्हरला बोट लावलं की ते पत्र्याला जाऊन टेकायचं. पिशवीत सगळा फोम होता, इमानदारीनं, चुरा झालेला तुकडासुद्धा.

मी त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चोर म्हटलं, गाढव म्हटलं, या गावात कारागीर उरला नाही असं म्हटलं. बायको शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तुम्ही त्याला बोललात काय?”

“काय बोलणार? सीट खाली कर म्हटलं. पूरी खाली.”

तिनं भिंतीला हात लावला. मग दोन्ही हात लावले. मग ती जमिनीवरच बसली. तिला हसू आवरेना. ठसका लागला, मी पाणी आणलं, तिनं घोट घेतला, सीटकडे बघितलं, आणि पाणी नाकातून आलं. “अहो,” ती शेवटी कशीबशी म्हणाली, “खाली म्हणजे रिकामी! नीची कर बोलायचं होतं ना! एकोणीस साल झाले तुम्हाला इथं!”

मला हसू आलं नाही. दुकान सोमवारपर्यंत उघडणार नव्हतं. कबाडी सकाळी येणार होता. चार आठवडे मी नटबोल्टात बोटं सोलून घेतली होती, आणि नेमकी शेवटची दोन बोटं माझ्या तोंडानं घालवली. सासरे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, “माफ करा बाबा.” त्यांनी खिशातली पट्टी काढली, पत्र्याला लावून बघितली, परत खिशात ठेवली आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी पान्याच्या आवाजानं जाग आली. अंगणात गेलो तर सासरे स्वतः ती रिकामी सीट गाडीवर बसवत होते. शेवटचा नट आवळून त्यांनी हात पुसले.

“जा आत,” ते म्हणाले. बायकोही मागून आली होती. “दोघं जण. आणि खिडकीत उभं नका राहू.”

आम्ही आत गेलो. खिडकीकडे पाठ करून ओट्याशी उभे राहिलो. बायकोनं माझा हात धरला होता, नखं रुतत होती. बाहेर काहीच ऐकू येईना. एकदा स्टँड करकरला. एकदा ते “हं” म्हणाले. मग पुन्हा काही नाही. मग हॉर्न वाजला, शेवेच्या चकतीतून, जरा चिरका.

आम्ही धावलो. ते गाडीवर बसले होते. दोन्ही पाय दोन बाजूंना, जमिनीला पूर्ण टेकलेले, हात हँडलवर. फोम नसल्यानं सीट हवी तेवढी खाली आली होती आणि रेक्झिनला सुरकुत्या पडल्या होत्या. बायको रडायला लागली, म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

“बाबा, टोचत असेल ना?” मी विचारलं.

“टोचून राहिलं ना,” ते म्हणाले. “पण बसलो.”

तेवढ्यात फाटकाशी हातगाडीची कडकड झाली. कबाडी आला होता. त्यानं हिरव्या टाकीकडे बघितलं, सासऱ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, “बाबूजी, उतरिए तो ले जाऊँ।”

सासरे गाडीवरून हलले नाहीत. त्यांनी उजव्या पायाकडे बघितलं, डाव्या पायाकडे बघितलं. आम्हीही बघितलं. चार आठवडे आम्ही सगळ्यांनी चढायचा विचार केला होता. उतरायचा कोणीच केला नव्हता.

“उतर नहीं सकता, भाई,” सासरे म्हणाले. “ऑपरेशन हुआ है।”

“तो चढ़े कैसे?”

“वही तो।”

कबाड्यानं वाट बघितली. बायकोनं त्याला चहा दिला. तो चहा पिऊन झाला तरी सासरे गाडीवरच होते. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि मी बाजूला उभा राहून किक मारली. चौथ्या किकला इंजिन सुरू झालं आणि समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

“बाबूजी,” कबाडी ओरडला, “गाड़ी नहीं देनी तो मेरे शॉकर तो दे दो!”

“उन्हीं पे तो बैठा हूँ!”

“तो पैसे?”

“क्या?” सासऱ्यांनी रेस वाढवली. “सुनाई नहीं दे रहा!”

कबाड्यानं कपाळावर हात मारला, पण तोही हसत होता. दुपारी येऊन हिशोब करतो असं खुणेनं सांगून तो हातगाडी घेऊन वळला. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्याची कडकड ऐकू येत होती. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. आता त्यांचा चेहरा जरा पांढरा पडला होता. किती वेळ त्या पत्र्यावर बसले होते कोण जाणे.

“गेला?” त्यांनी विचारलं.

“गेला, बाबा.”

मग त्यांनी डावा हात हँडलवरून काढला आणि माझ्यासमोर धरला.

“चढलो माझा मी,” ते म्हणाले. “आता उतरवा.”